वाफेवर चालणारा पत्त्यांचा डाव कसा रचायचा

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात मागच्या पडवीत तांब्याचा बंब आहे. मधल्या नळीत सोडणं आणि करवंट्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापतं, आणि फार तापलं की वरचं झाकण थडथडायला लागतं. दोन वर्षांपूर्वी मी स्टीमपंक पत्त्यांचा खेळ करायला घेतला. सुरुवातीचे चार महिने दातेरी चाकं, पितळी चष्मे, नळकांडी आणि उंच टोप्या घातलेले साहेब काढण्यात गेले. चित्रं बरी झाली, पण खेळ झाला नाही. एक दिवस त्या झाकणाचा आवाज ऐकला आणि आपण काय विसरलो ते कळलं. चाकं सगळीकडे होती, वाफ कुठेच नव्हती.

ज्यांना असा खेळ स्वतः करून बघायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पत्ते पिसता येतात एवढं पुरे, गणित शाळेतलंच लागतं.

आधी शब्दाचं बघू. ‘स्टीमपंक’ हा शब्द 1987 साली एका अमेरिकन विज्ञानकथा लेखकाने मासिकाला लिहिलेल्या पत्रात जरा थट्टेनेच वापरला आणि तो चिकटला. कल्पना सोपी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली वाफेची यंत्रं मागे पडलीच नाहीत, पेट्रोल आणि वीज त्यांच्या जागी आली नाही, उलट वाफच वाढत गेली, तर जग कसं दिसेल? या ‘तर’वर बेतलेल्या कथा, चित्रं, कपडे, खेळ म्हणजे स्टीमपंक. बहुतेक वेळा ते जग धुरकट लंडनचं असतं.

ते लंडन मी बघितलेलं नाही. मला माहीत असलेली वाफ वेगळी आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा तिला ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ अशी तीन इंजिनं जोडली होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र वाफ रुळांवरून कधी आलीच नाही. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली तेव्हा वाफेच्या इंजिनांचा जमाना सरला होता. आमच्याकडे वाफ आली ती समुद्रातून. आगबोटीला इथे कोणी आगबोट म्हणत नसे, ‘बोट’ म्हटलं की झालं. बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, आणि पोटात ढवळलं की ‘बोट लागली’ म्हणायचं. माझ्या खेळात ‘बोट लागली’ हे पान आहे. ते ज्याच्यावर येईल त्याचा एक डाव जातो. हे पान कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

नियम लिहायच्या आधी एक प्रश्न विचारावा, असं आता मी म्हणेन: या यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला काळजी कशाची? बोटीच्या इंजिनखोलीत भट्टी सांभाळणाऱ्याला खलाशांच्या बोलीत ‘आगवाला’ म्हणत. त्याची काळजी उघड आहे. दाब कमी पडला तर बोट हलत नाही, जास्त झाला तर बॉयलर फुटतो. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1600 पट जागा लागते. बंबाचं झाकण सैल असतं म्हणून ती वाफ न्हाणीघरात उडून जाते. बॉयलरमध्ये ती कोंडलेली असते, आणि बाहेर पडायच्या धडपडीत दट्ट्या ढकलते. सगळं इंजिन म्हणजे ही धडपड. खेळाचं नावही तिथेच मिळालं: आगवाला.

आता पानं. गठ्ठा 60 पानांचा. त्यात 20 कोळशाची, 14 पाण्याची, 14 यंत्राच्या भागांची आणि 12 प्रसंगांची. आपली पाळी आली की गठ्ठ्यातलं वरचं पान उघडायचं, मग आणखी एक, मग आणखी एक. कोळसा आला की त्यावरच्या आकड्याएवढा दाब चढतो. वाटेल तेव्हा ‘बस’ म्हणायचं आणि जमलेल्या दाबावर बोट पुढच्या बंदरांकडे न्यायची. दाब 10 च्या वर गेला की बॉयलर गेला, त्या पाळीची कमाई शून्य. आपलं नशीब किती ताणायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, असे खेळ जगभर आहेत. ही कल्पना माझी नाही आणि तसा माझा दावाही नाही.

पहिल्या खेपेला मी कोळशाच्या वीसही पानांवर 2 हा आकडा घातला. नीटनेटकं दिसत होतं. खेळायला बसलो तर सगळे 10 वर पोचून थांबायचे, कारण 8 वर धोका शून्य आणि 10 वर पुढे जाण्यात अर्थ शून्य. निर्णय घ्यायला जागाच नव्हती. मग आकडे फोडले: 8 पानांवर 1, 7 पानांवर 2, 5 पानांवर 3.

पूर्ण गठ्ठा समोर आहे असं धरू. दाब 7 असेल तर पुढचं कुठलंही पान आलं तरी बॉयलर फुटत नाही. 8 असेल तर फक्त 3 चं पान घात करतं, म्हणजे 60 पैकी 5, बारातली एक शक्यता. 9 वर 2 आणि 3 दोन्ही घातक, 60 पैकी 12, पाचातली एक. 10 वर कुठलाही कोळसा चालत नाही, तीनातली एक. गठ्ठा तोच आणि पानंही तीच, पण प्रत्येक पायरीवर छातीतली धडधड वाढत जाते. बंबाच्या झाकणाचा आवाज पत्त्यांत उतरला तो असा.

तरीही खेळ अडला, आणि कुठे ते मला आठ दिवस कळलं नाही. तेव्हा नियम असा होता की 5 ते 7 दाबाला एक बंदर, 8-9 ला दोन आणि बरोब्बर 10 झाले तर तीन. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मामेबहिणीने कागदावर चार ओळींत दाखवून दिलं की 9 वर पुढचं पान उघडणारा माणूस मूर्ख आहे. बघा: 9 वर माझ्याकडे दोन बंदरं नक्की आहेत. 12 पानं अशी की ती दोन्ही जातात, म्हणजे तोटा 12 गुणिले 2, चोवीस. 8 पानं अशी की दाब 10 होतो आणि एक बंदर जास्त मिळतं, म्हणजे फायदा 8 गुणिले 1, आठ. उरलेल्या 40 पानांनी दाब बदलत नाही, त्यांचा हिशेबात संबंध नाही. आठ विरुद्ध चोवीस! शहाणा माणूस 9 वर थांबणारच. आणि सगळे शहाणे एकाच जागी थांबत असतील तर खेळायचं कशाला, कागदावर लिहूनच वाटून घेऊ.

फायदा तिप्पट केला तर तराजू सारखा होतो. म्हणून आता बरोब्बर 10 ला पाच बंदरं. 9 वर तोटा 24, फायदाही 24. गणित काहीच सांगत नाही, मग माणूस स्वभावावर जातो. माझी आत्या हमखास थांबते आणि मामेबहीण, जिने हे गणित मांडलं तीच, हमखास पान उघडते. खेळ रचणारे ‘समतोल’ म्हणतात तो बऱ्याचदा असाच असतो. सगळी पानं सारख्या ताकदीची करायची नसतात. नेमक्या अडचणीच्या क्षणी उत्तर स्वच्छ दिसता कामा नये, एवढंच बघायचं.

यात पुढची गंमत, झब्बू किंवा मेंढीकोट खेळलेल्या माणसाला गेलेली पानं लक्षात ठेवायची सवय असते. 3 ची चार पानं येऊन गेलीत हे ज्याला आठवतंय त्याच्यासाठी तो 24-24 चा तराजू एका बाजूला झुकलेला असतो. म्हणून उघडलेली पानं पुन्हा गठ्ठ्यात मिसळायची नाहीत, समोर पालथी ठेवायची. लक्ष देणाऱ्याला त्याचं फळ मिळालंच पाहिजे.

पाण्याच्या पानांनी मला सगळ्यात जास्त छळलं आणि शेवटी खेळ त्यांनीच वाचवला. सुरुवातीला मी प्रत्येकाच्या हातात पाच-पाच पानं वाटत होतो, आणि पाण्याचं पान असल्याशिवाय बोट निघत नसे. 60 पैकी 14 पानं पाण्याची, म्हणजे भरपूर, असं मला वाटलं. प्रत्यक्षात पाच पानांत एकही पाणी नसण्याची शक्यता 25 टक्के येते. चौघे खेळायला बसले तर सरासरी एक जण कोरडा. तो जांभया देत दुसऱ्यांच्या बोटी बघणार. ‘भरपूर’ हा शब्द खेळ रचताना जपून वापरावा, आधी भागाकार करावा. मी हातात पानं वाटणंच बंद केलं आणि प्रत्येकाला 60 च्या बाहेरचं एक गोड्या पाण्याचं पान आधीच दिलं. घरून निघताना तांब्या भरून घेतोच की आपण.

पण पाण्यातली खरी खोच आत्याने काढली. नियम ऐकून ती म्हणाली, “ता सगळा रवांदे. आधी माका सांग, ह्या बोटीक पाणी खंयसून येता?” मी म्हटलं, समुद्रातून. तिने बंबाकडे बोट दाखवलं. आमच्या विहिरीला थोडा क्षार आहे, तेवढ्यानेही बंबाच्या आत पांढरा थर धरतो आणि वर्षातून एकदा तो खरवडावा लागतो. खाऱ्या पाण्याचं काय होत असेल!

मी वाचायला बसलो तर आत्या शंभर टक्के बरोबर. सुरुवातीच्या आगबोटी खरोखरच समुद्राचं पाणी उकळत. मीठ आत साठत जाई, म्हणून मधूनमधून बॉयलरमधलं खारट झालेलं गरम पाणी समुद्रात सोडून द्यावं लागे, आणि त्या पाण्यासाठी जाळलेला कोळसाही वाया जाई. क्षाराच्या थराने उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, पत्रा जास्त तापतो आणि कमजोर होतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ्यांचे कंडेन्सर रुळले. वापरलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं आणि तेच गोडं पाणी फिरवत राहायचं. समुद्राचं पाणी फक्त नळ्यांच्या बाहेरून, थंड करण्यापुरतं.

यातून नियम आपोआप पडले. पाण्याच्या 14 पानांपैकी 8 गोडी, 6 खारी. खाऱ्यावर बोट चालते, पण प्रत्येक वेळी बॉयलरवर एक थर चढतो, आम्ही त्यासाठी पांढरी शंखली ठेवतो. एक थर म्हणजे तुमची मर्यादा 10 वरून 9. दोन थर, 8. थर खरवडायचा तर एक अख्खी पाळी बंदरात बसून काढायची. ‘कंडेन्सर’ हे भागाचं पान मिळालं की खाऱ्या पाण्याची भीती गेली. हे नियम मी डोक्यातून काढलेले नाहीत, ते यंत्रातच होते. म्हणून ते पाठ करावे लागत नाहीत. एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्या डावात विचारत नाही की खाऱ्या पाण्याने काय होतं.

विषय आणि नियम असे एकजीव झालेत का हे बघायची माझी कसोटी सोपी आहे. चित्रं पुसून टाका, कोळशाच्या जागी आंबे आणि बॉयलरच्या जागी हातगाडी लिहा. खेळ तसाच चालला तर स्टीमपंक नुसतं रंगकाम होतं. आंब्याच्या गाडीला थर चढत नाही.

प्रसंगांच्या पानांत सुरुवातीला ‘बोट बुडाली’ असं एक पान होतं. ज्याच्यावर येईल तो खेळातून बाद. आबांनी, म्हणजे वडिलांच्या काकांनी, ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “ह्या पान काढून टाक.” मग नुसतंच “रामदास” म्हणाले. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. या किनाऱ्यावर अजून असे लोक आहेत ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी त्या नावाशी जोडलेलं आहे. पान मी तिथेच फाडलं. खेळाच्या दृष्टीनेही ते वाईटच होतं, कारण बाद झालेला भिडू पुढचा अर्धा तास काय करणार? आता बॉयलर फुटला तर बोट पडावांनी ओढून जवळच्या बंदराला आणतात, आणि पुढच्या पाळीला तुम्ही शून्यापासून सुरू करता.

दुसऱ्या किनाऱ्यांवरच्या कल्पना उसन्या घेण्याआधी आपल्या शेजारी काय आहे ते बघावं. वेंगुर्ल्यापासून तासाभरावर सावंतवाडी, आणि तिथे अजून गंजिफा रंगवतात. गोल पानं, लाखेचं रोगण. दशावतारी गंजिफ्यात 120 पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. त्यातली मला भावलेली गोष्ट ही, की निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत उलट, एक्का मोठा. शिवाय दिवसा खेळ रामाच्या रंगाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. म्हणजे बाहेर ऊन आहे की काळोख, याची खेळात दखल! इतकी देखणी कल्पना हातापाशी असताना मी चार महिने लंडनच्या टोप्या काढत बसलो होतो.

ती उलटापालट मी भरती-ओहोटीला लावली. दोन बोटी एकाच बंदरात पोचल्या की दोघांनी साठवलेल्या भागांपैकी एकेक पान पालथं टाकायचं. पानावर वजनाचा आकडा असतो. भरती असेल तर मोठा आकडा जिंकतो, कारण जड, ताकदवान बोट धक्का मारून पुढे शिरते. ओहोटी असेल तर लहान आकडा, कारण खाडीच्या तोंडावरच्या वाळूत जड बोट रुतते आणि हलकी आत सरकते. भरतीचं फिरतं पान दर फेरीला उलटायचं. त्यामुळे कुठलाही भाग कायमचा चांगला किंवा कायमचा फालतू राहत नाही, आणि मला प्रत्येक भागाचा वेगळा समतोल साधत बसावं लागत नाही. एका छोट्या नियमाने मोठं काम केलं.

खेळ संपायचा कधी, हे ‘मिरग’ ठरवतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागला की समुद्र खवळतो आणि बोटी बंद. म्हणून खालची 12 पानं वेगळी काढायची, त्यात मिरगाचं जादा पान पिसायचं आणि गठ्ठा परत खाली सरकवायचा. ते पान निघालं की डाव तिथल्या तिथे संपला. शेवट जवळ आलाय हे सगळ्यांना दिसतं, पण नेमका कुठल्या पानाला ते कोणालाच कळत नाही. ठरलेल्या फेऱ्या मोजण्यापेक्षा हे बरं, नाहीतर शेवटच्या फेरीत सगळेच जिवावर उदार होतात.

लोक विचारतात, कल्पना चोरली तर? खेळाच्या नियमांवर पेटंट मिळत नाही. 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3 मध्ये खेळण्याची पद्धत हा शोध नव्हे असं स्पष्ट म्हटलंय. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मिळतं ते तुमच्या चित्रांना आणि तुम्ही लिहिलेल्या नियमांच्या मजकुराला, त्यामागच्या नुसत्या कल्पनेला नाही. तेव्हा पानं कपाटात लपवून ठेवण्यात फायदा नाही. खेळ जितक्या लोकांनी मोडून बघावा तितका बरा.

मोडून बघण्यासाठी छान पानं लागत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे आणि पेन्सिल पुरते, खोडता येतं. आधी एकट्याने चारही भिडूंच्या वतीने खेळा, मग घरच्यांबरोबर, आणि शेवटी ज्यांनी खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्या हातात नियमांचा कागद देऊन स्वतः गप्प बसा. हे शेवटचं फार जड जातं. माझ्या शेजाऱ्यांनी पहिल्याच डावात कोळसा हातात साठवायला सुरुवात केली आणि मी ओठ चावत बसलो. चूक त्यांची नव्हती. माझ्या कागदावर ‘कोळसा घ्या’ असं लिहिलं होतं, ‘कोळसा लगेच बॉयलरखाली ठेवा’ असं नव्हतं.

छपाईत मी पैसे घालवले ते एका हौसेपायी. पानांच्या मागच्या बाजूला मी बारीक पांढरी किनार ठेवली होती. छापखान्यात कटिंग काही पानांवर मिलिमीटरभर सरकलं, आणि ती किनार एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक झाली. झालं, 3 चं पान पाठीवरून ओळखू यायला लागलं. मागची नक्षी कडेपर्यंत भिडवा, आणि कापण्यासाठी चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीची छापा. नेहमीच्या मापाची, म्हणजे साधारण 63 बाय 88 मिलिमीटरची, नऊ पानं ए-फोर कागदावर बसतात, तेव्हा चाचणीचा गठ्ठा घरच्या प्रिंटरवरही निघतो. आकडा डाव्या वरच्या कोपऱ्यात घ्या, पंख्यासारखी पानं धरली की तेवढंच दिसतं. रंगाबरोबर खूणही द्या, लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना कळत नाही. आणि कोकणात असाल तर साध्या आर्टकार्डावर जाऊ नका. आषाढात माझी पानं पापडासारखी वाकली. गंजिफ्यावर लाखेचा हात का देतात ते मला तेव्हा समजलं.

एक पान अजून माझ्या ताब्यात येत नाही. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. त्या वेळी सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली, आणि तिच्यामागच्या मूलद्रव्याला पुढे हेलियम नाव पडलं. पृथ्वीवर तो वायू 1895 साली हाती लागला. विजयदुर्ग किल्ल्यावर त्या ग्रहणाची आठवण सांगणारे ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात. स्टीमपंकचा ‘तर’ इथे वापरायचा नाही तर कुठे? माझ्या जगात विजयदुर्गला हेलियम भरून मिळतो आणि बोट हवेत उचलली जाते. ना भरती, ना ओहोटी, ना वाळू. साहजिकच ज्याला हे पान मिळतं तो जिंकतो. कोळसा दुप्पट लागेल असं करून बघितलं, वारा फिरला की बोट मागे जाईल असं करून बघितलं, तरी तोच जिंकतो. आत्याने त्या पानाला ‘साहेब’ नाव ठेवलंय. गेल्या रविवारी तिला ते मिळालं तेव्हा तिने ते न वापरता पालथं ठेवून दिलं आणि खाऱ्या पाण्यावर दोन थर चढवून वेंगुर्ल्याला पोचली. सातव्या पाळीला मिरग निघाला, आणि ती दोन बंदरांनी हरली.